आधी टेंडर, मग परवानगी? सरकारी प्रकल्प आणि पर्यावरणाचे बदलते नियम : तुमचे प्रश्न, उत्तरं

गेल्या महिन्यात रस्ते, धरणं, पूल, सरकारी इमारती आणि पर्यावरणाचे नियम ह्याबद्दल प्रश्न पाठवा म्हटलं होतं. पत्रं भरपूर आली आणि बऱ्याच जणांचा सूर एकच होता, की नियम सारखे बदलतात आणि काम अडतं. काही पत्रं निवडून उत्तरं देतेय. नावं मुद्दाम छापलेली नाहीत.

ताई, मी कांदिवलीत राहतो, नोकरदार आहे, टॅक्स वेळेवर भरतो. कोस्टल रोडचं काम कोर्टाने मध्येच थांबवलं, खर्च वाढला. सरकार आधी नियम करतं, मग तेच बदलतं, मग कुणीतरी कोर्टात जातं. ह्याचं बिल आम्ही का भरायचं?

बिल आपणच भरतो हे खरं आहे, आणि इथे तर थेट भरतो, कारण हा रस्ता मुंबई महापालिकेच्या पैशातून झालाय. पण बिल का वाढतं ते समजून घ्यायचं तर थोडं मागे जावं लागेल.

किनाऱ्यावर काय करता येईल आणि काय नाही हे सांगणारी सीआरझेडची पहिली अधिसूचना १९ फेब्रुवारी १९९१ ची. दुसरी आली जानेवारी २०११ मध्ये, तिसरी जानेवारी २०१९ मध्ये. २०११ च्या नियमात खांबांवरचा रस्ता किंवा सागरी सेतू चालत होता पण समुद्रात भराव टाकून रस्ता करायला मनाई होती. कोस्टल रोडला तर भराव हवाच होता. मग ३० डिसेंबर २०१५ ला नियमात दुरुस्ती झाली आणि अपवादात्मक परिस्थितीत भराव टाकून रस्ता करता येईल अशी वाट उघडली. मे २०१७ मध्ये सीआरझेडची परवानगी मिळाली, २०१८ च्या शेवटी काम सुरू झालं आणि १६ जुलै २०१९ ला मुंबई हायकोर्टाने ती परवानगीच रद्द केली. कोर्टाचं म्हणणं होतं की निर्णय घेण्याच्या प्रक्रियेतच गंभीर त्रुटी आहेत, नीट शास्त्रीय अभ्यास झालेला नाही, २००६ च्या ईआयए (प्रकल्पाचा पर्यावरणावर काय परिणाम होईल त्याचा अभ्यास) अधिसूचनेखाली वेगळी पर्यावरण मंजुरी घ्यायला हवी होती आणि वन्यजीव कायद्याखालची परवानगीसुद्धा लागेल. १७ डिसेंबर २०१९ ला सुप्रीम कोर्टाने ह्या निकालाला स्थगिती दिली आणि काम परत सुरू झालं. म्हणजे पाच महिने मशिनरी, माणसं, बार्ज सगळं अडकून पडलं.

आता माझं स्पष्ट मत सांगते. नियम कडक होता म्हणून हे पाच महिने गेले नाहीत. नियम प्रकल्पाच्या मापाने वाकवला गेला आणि जो अभ्यास २०१५-१६ मध्ये कागदावर शांतपणे करता आला असता तो तेव्हा पुरा केलाच नाही, म्हणून ते गेले. तोच अभ्यास टेंडरच्या आधी झाला असता तर वेळ कदाचित तेवढाच लागला असता, पण तेव्हा क्रेनचं भाडं चालू नसतं.

ह्याच रस्त्याची दुसरी गोष्ट बघा. वरळी कोळीवाड्याच्या बोटी क्लीव्हलँड बंदरातून समुद्रात जातात. त्यांच्या वाटेवर पुलाचे खांब येणार होते आणि दोन खांबांमध्ये अंतर धरलं होतं ६० मीटर. मच्छीमार सांगत होते की वारा असताना, पाण्याला ओढ असताना एवढ्या फटीतून बोट काढणं जिवावर बेतणारं आहे, अंतर वाढवा. बरीच वर्षं आंदोलनं झाली, काम अडलं, आणि शेवटी डिसेंबर २०२२ मध्ये एक खांब कमी करून अंतर १२० मीटर करायचं ठरलं. कॉन्ट्रॅक्ट देऊन चार वर्षं झाल्यावर डिझाईन बदललं. जी माणसं रोज त्या पाण्यात असतात त्यांना डिझाईनच्या आधी विचारलं असतं तर हे एका बैठकीचं काम होतं. सुमारे १२,७०० कोटींचा अंदाज १४,००० कोटींच्या जवळ गेला, त्यात कारणं बरीच आहेत, पण उशिरा ऐकणं हे त्यातलं एक आहे असं मला वाटतं.

नमस्कार ताई. भंडारा जिल्ह्यातल्या एका गावचा सरपंच आहे. पाण्याच्या टाकीसाठी जागा ठरवली, निधी मंजूर झाला, आणि आता तलाठी म्हणतात सातबाऱ्यावर झुडपी जंगल लिहिलंय, काम करता येणार नाही. तिथे दोन पळसाची झाडं सोडली तर काही नाही, गुरं बसतात. २०२५ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालाने आमचं सुटलं का अजून अडकलं?

सरपंच साहेब, तुमच्यासारखी चार पत्रं आलीत, एक तर गडचिरोलीच्या शिक्षकांचं आहे ज्यांच्या शाळेची कंपाऊंड वॉल ह्याच कारणाने थांबलीय, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

झुडपी जंगल ही नोंद जुन्या मध्य प्रांताच्या महसुली कागदातली आहे. हलकी जमीन, खुरटी झुडपं, लाकूड नाही, पीक नाही, गुरं चरायला ठेवलेली, अशा जागांना ही नोंद लागली आणि विदर्भ आधी द्विभाषिक मुंबईत आणि मग महाराष्ट्रात आला तेव्हा ती कागदांबरोबर आली. महसूल खातं ह्या जागा आपल्याच समजून देत राहिलं. मग १९८० मध्ये वन संवर्धन कायदा आला, की केंद्राच्या परवानगीशिवाय वनजमीन दुसऱ्या कामाला वापरायची नाही. आणि १२ डिसेंबर १९९६ ला गोदावर्मन केसमध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जमीन कुणाच्या मालकीची आहे हे बघू नका, सरकारी कागदात वन अशी नोंद असेल तर ते वन. झालं, जिथे झाड औषधालासुद्धा नाही अशा जागेलाही कायदा लागला. नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली ह्या सहा जिल्ह्यांत मिळून अशी ८६,४०९ हेक्टर जमीन आहे. शाळा, सरकारी ऑफिसं, स्मशानभूमी, लोकांची घरं, सगळं ह्या नोंदीवर उभं आहे.

२२ मे २०२५ च्या निकालात कोर्टाने झुडपी जंगल हे वनच आहे हे कायम ठेवलं, पण एक रेष आखून दिली. १२ डिसेंबर १९९६ च्या आधी सक्षम अधिकाऱ्याने जी जागा दिली असेल आणि जमिनीचा वर्ग बदलला नसेल, ती वनाच्या यादीतून काढायला राज्याने केंद्राकडे जिल्हावार एकत्र प्रस्ताव पाठवायचा आणि त्यावर पर्यायी वनीकरणाची किंवा नक्त वर्तमान मूल्य (वनजमीन गेल्याची भरपाई म्हणून घेतली जाणारी रक्कम) भरायची अट लावायची नाही. ही फार मोठी सवलत आहे, कारण २०२२ पासून हे मूल्य हेक्टरी साडेनऊ लाखांपासून जवळपास सोळा लाखांपर्यंत गेलंय आणि ग्रामपंचायतीने ते कुठून भरायचं. पण १९९६ नंतर दिलेली जागा असेल तर राज्याला कारण द्यावं लागेल, कोणत्या अधिकाऱ्यांनी दिली त्यांची यादी द्यावी लागेल आणि त्यांच्यावर कारवाई झाली की मगच प्रस्ताव पुढे. आणि जी झुडपी जमीन कुणालाच दिलेली नाही ती महसूल खात्याने वन खात्याच्या ताब्यात द्यायची.

तुमची टाकी नवीन आहे, म्हणजे ह्या सवलतीत ती बसत नाही. पण हातपाय गाळू नका, कारण तुमच्या कामाला वेगळी वाट आहे आणि ती बऱ्याच सरपंचांना कुणी सांगितलेलीच नसते. वनहक्क कायदा २००६, कलम ३(२). शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रेशन दुकान, विजेच्या तारा, पिण्याचं पाणी आणि पाइपलाइन, छोटे कालवे, रस्ता, समाजमंदिर अशा १३ कामांना प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटायची नसतील तर. पहिली अट ग्रामसभेची शिफारस. ग्रामसभेचा ठराव पक्का करा, त्यात गट नंबर, क्षेत्र आणि झाडांची संख्या नीट लिहा, तलाठी आणि वनरक्षक दोघांना बरोबर घेऊन जागेचा पंचनामा आणि नकाशा करा आणि प्रस्ताव वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांमार्फत उपवनसंरक्षकांकडे द्या. काम सुरू करू नका. निधी परत जाईल ह्या भीतीने खड्डा खणून ठेवणं हा सगळ्यात महाग पडणारा घोटाळा आहे, कारण मग तुमचं प्रकरण साध्या मागणीतून उल्लंघनाच्या फाईलमध्ये जातं आणि तिथून सुटायला वर्षं लागतात.

गोसीखुर्द धरणाचं उदाहरण तुमच्या दाराशीच आहे. १९८३ मध्ये ३७२ कोटींचा प्रकल्प २०१६ च्या मंजुरीत १८,४९४ कोटींवर गेला. सगळं खापर वनकायद्यावर फोडणं चुकीचं होईल, भूसंपादन, पुनर्वसन, कामाचा दर्जा, चौकश्या, बरंच काही आहे त्यात. पण कालवा हा सलग असेल तरच कालवा असतो. मधल्या दोनशे मीटरची वनपरवानगी नसताना दोन्हीकडून खोदत आलं की पैसा खर्च होतो आणि शेताला पाणी मात्र मिळत नाही.

मॅडम, मी बुलढाण्याचा छोटा काँट्रॅक्टर. रस्त्याच्या भरावाला मुरूम, माती लागते. २०२० मध्ये सांगितलं परवानगी नको, आता सांगतात हवी. आम्ही रेट भरला तो जुन्या हिशोबाने. काय करायचं?

तुमचा वैताग मला पूर्ण मान्य आहे. २८ मार्च २०२०, म्हणजे लॉकडाऊन लागून चार दिवसही झाले नव्हते तेव्हा, केंद्राने रस्ते आणि पाइपलाइनसारख्या लांबलचक कामांसाठी साधी माती काढायला पर्यावरण मंजुरीतून सूट दिली. लोकांच्या हरकती मागवल्या नाहीत, किती माती, कुठून, कोणतं काम ह्याला कसली मर्यादा घातली नाही. २१ मार्च २०२४ ला सुप्रीम कोर्टाने नेमक्या ह्याच कारणांनी ती सूट रद्द केली. मग मार्च २०२५ मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने सूट परत आणली, ह्यावेळी मर्यादा आणि कार्यपद्धती घालून. म्हणजे आज ‘सूट आहे’ एवढं ऐकून चालणार नाही, तुमच्या कामाला लागणारं परिमाण त्या मर्यादेत बसतं का ते आधी लेखी तपासून घ्या.

आणि एक गोष्ट कायमची लक्षात ठेवा. तहसीलदारांकडे रॉयल्टी भरली, पास मिळाला, म्हणजे पर्यावरण मंजुरी मिळाली असं होत नाही. दोन्ही कागद वेगळे. बरेच जण इथेच फसतात, गाडी पकडली की पास दाखवतात आणि दंड बसला की चकित होतात.

रेटबद्दल सांगायचं तर कराराची कायदाबदलाची अट काढून वाचा. टेंडर भरायच्या तारखेनंतर कायदा बदलला आणि खर्च वाढला तर कार्यकारी अभियंत्यांना ठरलेल्या मुदतीत लेखी कळवावं लागतं. तोंडी सांगितलेलं कुणी धरत नाही. अट नसेल तर पुढच्या वेळी प्रीबिड मीटिंगमध्ये हा प्रश्न नक्की विचारा, बाकीचे काँट्रॅक्टरही दुवा देतील.

अजून एक. ३१ डिसेंबर २०२१ च्या अधिसूचनेप्रमाणे औष्णिक वीज केंद्रापासून ३०० किलोमीटरच्या आत रस्त्याच्या भरावाला राख वापरणं बंधनकारक आहे, ती त्या वीज केंद्राने साइटवर फुकट पोचवून दिली तर. पारस आणि भुसावळ दोन्ही तुमच्या टप्प्यात आहेत. अभियंत्यांशी बोलून बघा, मुरुमाचा डोंगर फोडण्यापेक्षा ते बरं.

सिंधुदुर्गातून लिहितोय. आमचा गाव पश्चिम घाटाच्या इको सेन्सिटिव्ह यादीत आहे. नोटिफिकेशन फायनल झालं की गावात रस्तासुद्धा होणार नाही असं सगळे सांगतात. खरं का?

नाही. हे मसुद्यात कुठेही लिहिलेलं नाही. कस्तुरीरंगन समितीच्या अहवालावरचा पहिला मसुदा मार्च २०१४ चा, सहावा ३१ जुलै २०२४ चा, वायनाडच्या दरडींनंतर दुसऱ्याच दिवशी आलेला. महाराष्ट्रातलं १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे. बंदी आहे ती खाणी आणि दगड-वाळू उपशावर, नवीन औष्णिक केंद्रांवर, लाल वर्गातल्या (म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्या) उद्योगांवर, २०,००० चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांवर आणि मोठ्या टाउनशिपवर. गावचा रस्ता, शाळा, नळयोजना, तुमचं घर, शेती ह्यावर बंदी नाही. भीती कोण पसरवतं ते शोधायला गेलात तर बऱ्याचदा खाणीचा संबंध सापडेल. मसुदा ग्रामसभेत वाचून घ्या, अर्ध्या तासाचं काम आहे.

सोलापूरहून. सरकारी हॉस्पिटल किंवा हॉस्टेल परवानगीशिवाय बांधलं गेलं असेल तर कोर्ट पाडायला लावेल का? आमच्याकडे ह्यावर खूप वाद चाललाय.

हा प्रश्न सध्या खरंच उघडा आहे. १६ मे २०२५ ला सुप्रीम कोर्टाच्या दोन न्यायमूर्तींनी, अभय ओक आणि उज्ज्वल भुयान ह्यांनी, मागाहून पर्यावरण मंजुरी देण्याची २०१७ ची अधिसूचना आणि २०२१ ची कार्यपद्धती दोन्ही रद्द केल्या. आधी बांधायचं आणि मग मंजुरी मागायची हे चालणार नाही, असा तो निकाल. पण त्याआधी मिळालेल्या मंजुऱ्यांना हात लावला नाही. मग फेरविचार मागितला गेला आणि १८ नोव्हेंबर २०२५ ला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने तो निकाल मागे घेतला. बहुमताचं म्हणणं असं की सुमारे २०,००० कोटींचे सार्वजनिक प्रकल्प पाडावे लागतील, ओडिशातल्या एम्सचं ९६२ खाटांचं हॉस्पिटल त्यात आहे, आणि पाडून परत बांधण्यात प्रदूषण उलट वाढेल. न्यायमूर्ती भुयान ह्यांनी विरोधी मत नोंदवलं.

हॉस्पिटल पाडू नये हे मलाही पटतं, पेशंटचा काय दोष. पण मला दुसरंच सलतं. जनतेच्या पैशातून एवढी इमारत उभी राहते आणि मंजुरी आहे का हे पाया खणताना, पहिलं बिल काढताना, स्लॅब टाकताना कुणालाच विचारावंसं वाटत नाही, हे होतं कसं? खाजगी बिल्डरला तरी स्वतःचे पैसे बुडायची भीती असते. सरकारी कामात बुडणारा पैसा सही करणाऱ्याच्या खिशातला नसतो. झुडपी जंगलाच्या निकालात अधिकाऱ्यांची नावं मागितली तशी इथेही मागितली तरच पुढचं बांधकाम परवानगी घेऊन होईल.

हॉस्टेलचं वेगळं सांगते. २९ जानेवारी २०२५ ला केंद्राने शाळा, कॉलेज, हॉस्टेल आणि औद्योगिक शेडना २०,००० चौरस मीटरच्या वरसुद्धा मंजुरीतून सूट दिली होती. फेब्रुवारीत स्थगिती आली आणि ५ ऑगस्ट २०२५ ला सुप्रीम कोर्टाने ती सूट रद्द केली. मधल्या काळात कुणी त्या भरवशावर काम सुरू केलं असेल तर आज ते अडचणीत आहे. नवीन सूट निघाली की तिला कोर्टात आव्हान मिळणार हे धरूनच चालायला हवं. मोठी इमारत असेल तर सूट असली तरी अभ्यास करून ठेवा, वाया जात नाही.

सिव्हिल इंजिनिअरिंगचा विद्यार्थी, चंद्रपूर. हायवे १०० किमीच्या आत बसवण्यासाठी तुकडे करतात असं सर म्हणाले. खरंच असं होतं? आणि पर्यावरणाच्या अटींचा रस्त्याला काही फायदा झालाय असं एक तरी उदाहरण आहे का?

सर बरोबर सांगतायत. २००६ च्या ईआयए नियमात राष्ट्रीय महामार्गाचं रुंदीकरण ३० किमीच्या वर गेलं आणि २० मीटरपेक्षा जास्त नवीन रुंदी घेतली की मंजुरी लागायची. २२ ऑगस्ट २०१३ ला हे १०० किमी झालं, आणि जुन्याच मार्गावर ४० मीटर आणि नवीन वळणरस्त्यावर ६० मीटर. त्यानंतर पॅकेज पाडून कामं देणं वाढलं. उत्तराखंडचा चारधाम रस्ता जवळपास ९०० किमीचा, तो ५३ तुकड्यांत गेला. तामिळनाडूतल्या विल्लुपुरम-नागपट्टिणम रस्त्याच्या केसमध्ये जानेवारी २०२१ ला सुप्रीम कोर्टाने काम चालू ठेवू दिलं पण तुकडे पाडण्याच्या प्रश्नावर तज्ज्ञ समितीने बघावं असं सांगितलं. पॅकेज करणं आर्थिक दृष्टीने रास्त असू शकतं. पण डोंगराला, ओढ्याला तुकडे कळत नाहीत, तिथे परिणाम सगळ्या रस्त्याचा मिळून होतो, तेव्हा अभ्यासही सगळ्याचा मिळून व्हायला हवा.

उदाहरण तुमच्याच भागातलं आहे, सुट्टीत जाऊन बघून या. नागपूरहून जबलपूरकडे जाणारा रस्ता, आताचा एनएच ४४, त्यातला मनसर ते खवासा हा टप्पा पेंच व्याघ्र प्रकल्पाला लागून जातो. चौपदरीकरण झाडतोडीवरून अडलं, हायकोर्टात आणि हरित लवादात गेलं, बाचाबाची खूप झाली. शेवटी डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेच्या सल्ल्याने रस्ता नऊ ठिकाणी उचलून घेतला, सगळ्यात लांब मार्ग ७५० मीटरचा, आणि खालून जनावरांना मोकळी वाट ठेवली. कडेला आवाज आणि लाइट अडवणारे पडदे. वरून ट्रक भरधाव जातो आणि खाली चितळ चरत असतं, असा तो रस्ता आहे. संस्थेने कॅमेरे लावून पाहिलं तर १८ प्रकारचे वन्यप्राणी खालून जाताना मिळाले, २०१९ मध्ये ११ वेगवेगळे वाघ त्यात होते. देशातला हा पहिला असा रस्ता.

खर्च वाढला, वेळ गेला, हे कुणी नाकारत नाही. पण हे आराखड्यातच पहिल्या दिवशी धरलं असतं तर त्यातला वेळ गेलाच नसता, आणि आता तसंच करायला सुरुवात झालीय, समृद्धी महामार्गावर वन्यजीवांच्या वाटा मूळ डिझाईनमध्येच घेतल्या. इंजिनिअर म्हणून तुम्ही उद्या आराखड्यावर बसाल तेव्हा वन खात्याचा कॉरिडॉरचा नकाशा माती परीक्षणाच्या रिपोर्टबरोबर टेबलावर असू द्या.

डहाणू तालुक्यातून. वाढवण बंदराची जनसुनावणी होऊन गेली. आम्ही ओरडलो, घोषणा दिल्या, काही झालं नाही. आता बंदराला लागून रस्ते, रेल्वे, अजून बरंच काही येणार. पुढच्या वेळी काय करायचं ते सांगा.

तुमच्या भागाएवढा नियमांचा चढउतार महाराष्ट्रात क्वचितच कुठे झाला असेल. २० जून १९९१ ला डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक जाहीर झाला, १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या आदेशाने न्या. धर्माधिकारींच्या अध्यक्षतेखाली तालुक्याच्या पर्यावरणावर लक्ष ठेवणारं प्राधिकरण बसलं, १९९८ मध्ये त्याच प्राधिकरणाने बंदराला नाही म्हटलं. २०२० मध्ये बंदरं लाल वर्गातल्या उद्योगात मोडत नाहीत असं फेरवर्गीकरण आलं आणि ३१ जुलै २०२३ ला प्राधिकरणाने अटी घालून हो म्हटलं. जून २०२४ मध्ये ७६,२२० कोटींच्या प्रकल्पाला केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी मिळाली. समुद्र तोच, मासे तेच, पण कागदावरचा वर्ग बदलला. तुम्हाला राग येणं साहजिक आहे.

आता पुढचं. सुनावणीची नोटीस किमान ३० दिवस आधी निघते, एका स्थानिक भाषेतल्या पेपरात द्यावीच लागते. त्याच वेळी अहवालाचा सारांश मराठीत आणि पूर्ण अहवाल जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे बघायला ठेवतात. तिथे जाऊन अहवाल मागा. तुमच्या गावचं पान काढा. मासेमारीचे दिवस, बोटींची संख्या, गोड्या पाण्याच्या विहिरी, वाडीतली झाडं, चिकू, जे चुकीचं किंवा गाळलेलं असेल ते पान नंबर टाकून लिहा. घोषणा इतिवृत्तात एका ओळीत संपतात, पण पान नंबर टाकलेल्या लेखी हरकतीला उत्तर द्यावं लागतं. सुनावणीत पाच जणांनी पाच वेगळे मुद्दे वाटून घ्या, सगळ्यांनी एकच भाषण करू नका. शेवटी इतिवृत्त मराठीत वाचून दाखवायचं असतं, ते वाचून घेतल्याशिवाय हॉल सोडू नका, आणि हरकतीची पोच घ्या.

मंजुरी मिळाली तर ती सात दिवसांत पेपरात छापावी लागते. पुण्याच्या हरित लवादात अपिलाला ३० दिवस, सबळ कारण दिलंत तर वरती ६० दिवस, त्यानंतर अपील घेतलंच जात नाही, कितीही पुरावे न्या. म्हणून वकील मंजुरी यायच्या आधीच बघून ठेवा.

आणि बंदराच्या मंजुरीतल्या अटी आत्ताच डाउनलोड करून घ्या. दर सहा महिन्यांनी, १ जून आणि १ डिसेंबरला, त्या अटी पाळल्याचा अहवाल द्यावा लागतो आणि तो सगळ्यांना बघता येतो. मच्छीमार सोसायटीतल्या दोन शिकलेल्या पोरांना एवढंच काम द्या, की अहवालात लिहिलेलं आणि खाडीत दिसणारं एकाशेजारी ठेवून तारखेसकट फोटो काढायचे आणि जिथे फरक दिसेल तिथे त्याच आठवड्यात मंडळाच्या प्रादेशिक अधिकाऱ्याला लेखी कळवायचं.